मालूचा डावा डोळा

कम्प्युटरवर बसणाऱ्या त्या पोरीला लाज म्हणून नव्हती, असं सोनूबाईचं पक्कं मत झालं होतं. मेलेल्या लेकीचा फोटो करायला दिला, तर ही जिवंत लेकाच्या तोंडाकडे बघत बसते. तेही साधंसुधं बघणं नाही. पडद्यावर त्याची भुवई ताटाएवढी मोठी करायची आणि मान तिरकी करून केस न् केस न्याहाळायचा. बरं, आई शेजारी स्टुलावर बसलीय याची तरी भीड ठेवावी... तीही नाही.

"जरा इकडे बघा," पोरगी कॅमेरा उचलून म्हणाली.

सोनूबाईच्या लेकाने, विनीतने बघितलं.

"माझ्याकडे नाही हो. कॅमेऱ्याकडे."

"कॅमेरा तुमच्या तोंडासमोरच आहे. आता मी डोळे कसे वळवू, तुम्हीच सांगा."

सोनूबाई खोकली. तिचा खोकला अशा वेळी बरोबर यायचा.

"उन्हाळ्यात खोकला, काकू?" पोरीने कॅमेऱ्यामागूनच विचारलं. "पाणी देऊ?"

"पाणी नको. काम आटप."

रत्नागिरीत राम आळीत, एका जिन्यावरच्या खोलीत श्यामचा फोटो स्टुडिओ होता. दोन हजार तीन साल. श्यामने नुकताच डिजिटल कॅमेरा घेतला होता आणि त्याला हात लावायची मुभा फक्त कम्प्युटरवरच्या त्या पोरीला, निशिगंधाला होती. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं आणि मयताचे फोटो ही तिची रोजची कामं. मयताचे सगळ्यात जास्त. कुणाचा तरी आजा लग्नाच्या गर्दीत अर्धा दिसत असायचा. त्याला तिथून उचलायचा, कोट चढवायचा, मागे निळं आभाळ द्यायचं. आयुष्यभर लंगोटीत नांगर धरलेला माणूस भिंतीवर कोट घालून बसायचा. घरच्यांना तेच हवं असायचं.

सोनूबाईलाही फार काही नको होतं. भिंतीवर नवरा होता, सासरा होता. त्यांच्या शेजारी खिळा ठोकून वर्ष होत आलं होतं आणि खिळ्यावर काही नव्हतं. थोरली लेक मालिनी, घरात तिला मालू म्हणत. गेल्या वैशाखात गावी, पालीच्या बागेत कलमाखालचा सुका पातेरा झाडताना तिला फुरसं चावलं आणि त्या सापाच्या विषाने ती गेली. आता वर्षश्राद्ध तोंडावर आलं, आणि पोरीचा एक फोटो घरात नव्हता. असता कसा? लग्नकार्यात मालू पंगतीत वाढायला असायची. फोटोत उभं राहायला तिला कुणी हाक मारली नाही. स्थळांना दाखवायला म्हणून मोरपंखी साडीतला एक काढला, तो डोंबिवलीच्या एका स्थळाकडे गेला तो गेलाच. त्या लोकांनी जागा बदलली. होकार नाही, नकार नाही, फोटोही नाही.

फोटो श्यामनेच काढलेला, म्हणून त्याची निगेटिव्ह निघाली जुन्या खोक्यात. पण कोकणातली हवा. निगेटिव्हला बुरशी लागलेली. उजवा डोळा, नाक, कपाळ शाबूत. डावा डोळा, गाल आणि खाली हनुवटीपर्यंत सगळं खाल्लेलं.

निशिगंधाने आधी उजवाच डोळा उलटा करून डावीकडे लावून दाखवला होता. सोनूबाई बघून म्हणाली, "ही कोण?"

"तुमची मालिनी, काकू."

"ही बाहुली हाय. माणसाचे दोन डोळे सारखे नसतात गो. तुझे तरी हायत काय सारखे? आरशात बघ जा."

पोरगी खरंच उठून आरशात बघून आली. "नाहीत," ती म्हणाली. "डावा लहान आहे. बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं."

"मी सांगणार होतो," विनीत हळूच म्हणाला.

तिथून हे सुरू झालं. भावाचा डावा डोळा बहिणीला बसवायचा ठरलं, आणि त्यासाठी विनीतला परत परत खुर्चीवर बसावं लागलं. कधी उजेड चुकला, कधी पापणी मिटली, कधी म्हणे नजर जमली नाही. विनीत बहीण गेल्यावर भांडुपची नोकरी सोडून बाग बघायला घरी आलेला. आंब्याच्या पेट्या घेऊन त्याला रत्नागिरीत यावंच लागे. सोनूबाईला यावं लागत नव्हतं, पण ती येई. टेंपोत पुढे बसायची, स्टुडिओचा जिना गुडघ्यावर हात टेकत चढायची आणि स्टुलावर ठाण मांडायची.

एकदा काम व्हायला वेळ होता. विनीत पडद्यावरचं काहीतरी बघत म्हणाला, "हे काय? हंस?"

निशिगंधाने घाईने ते बंद करायला हात नेला. "काही नाही... माझं आहे. काम संपल्यावर जरा करते."

"बघू तरी."

तिने एकेक दाखवलं. हंस, गुलाब, बर्फाचे डोंगर, समुद्रात बुडणारा सूर्य, त्याच्यावर पुन्हा गुलाब. सोनूबाईलाही दिसलं. तिला सूर्य बरा वाटला.

"छान आहे," विनीत म्हणाला. मग थांबून म्हणाला, "पण हे सगळं सीडीतलं तयार ना? यातलं तुमचं कुठलं?"

पोरीचं तोंड पडलं. सोनूबाईला वाटलं, झालं, आता ही रडणार. पण ती रडली नाही. खुर्ची वळवून त्याच्यासमोर बसली.

"मला मयताच्या मागे निळं आभाळ लावून लावून कंटाळा आलाय," ती म्हणाली. "मला माझं काहीतरी करायचंय. याच कम्प्युटरवर, पण माझं. रोज बसते, पांढरा कागद उघडते... आणि काही सुचतच नाही. मग हंस."

"बर्फ बघितलाय कधी?"

"फ्रीजमधला."

"मग डोंगर कशाला? तुम्ही रोज बघता ते काढा की."

"रोज मी मेलेली माणसं बघते."

सोनूबाई खोकायची विसरली.

पुढच्या खेपेला त्याने खिशातून कागदाची पुडी काढून तिच्या टेबलावर ठेवली. आत पिंपळाचं पान होतं, गर सगळा कुजून नुसती जाळी उरलेलं. निशिगंधाने ते स्कॅनरच्या काचेवर ठेवलं, झाकण लावलं, पट्टी सरकली आणि पडद्यावर ते पान उघडलं तेव्हा तिघंही पडद्याकडे झुकली. आतल्या शिरा, शिरांतून फुटलेल्या शिरा, एखाद्या गावाच्या पायवाटा असाव्यात तशा.

"हे घ्या तुमचं," विनीत म्हणाला.

"हे पिंपळाचं आहे."

"मग तुमचं करा."

त्यानंतर पोराला नादच लागला. कधी जांभ्या दगडाची कपरी, कधी भिंतीवरच्या पालीने टाकलेली कात, कधी काजूच्या बोंडाने डागाळलेलं फडकं. एकदा तर वाळवीने कोरलेली फळी घेऊन चढला.

"लोक पोरींना गजरा आणतात," सोनूबाई म्हणाली. "माझा लेक वाळवी आणतो. बापाची अक्कल घेतलीय."

"गजरा स्कॅन केला तर काच चिकट होते, काकू," निशिगंधा फळी पुसत म्हणाली.

"म्हणजे करून बघितलास वाटतं. कुणी आणला होता?"

"आईचा होता."

"अस्सं."

"आई, तू पोलिसात का नाही गेलीस?" विनीत म्हणाला.

दगडामुळे स्कॅनरच्या काचेला चरा पडला तेव्हा श्याम भडकला. निशिगंधाने निमूट ऐकून घेतलं, आणि तो खाली गेल्यावर तो चरा पडद्यावर मोठा करून बघत बसली. "बघ ना," ती विनीतला म्हणाली, "नदीसारखा दिसतो."

बघा ना नव्हे. बघ ना. सोनूबाईने ते बरोबर टिपलं. नदी काय तिला दिसली नाही.

पोरीचं काम मात्र बदलत चाललं, हे तिला नाकारता येईना. हंस गेले. आता पडद्यावर पानाच्या जाळीतून पायवाटा निघायच्या, त्या दगडाच्या भोकांत उतरायच्या, फडक्याचा डाग आभाळ व्हायचा. "आधी वाटायचं, डोक्यात काहीतरी चमकेल आणि मग करायचं," निशिगंधा एकदा सांगत होती. "तसं होतच नाही. हातात काहीतरी घ्यावं लागतं. ते बघत बसावं लागतं. इतकं बघायचं की... ते आपल्याकडे बघायला लागतं."

"म्हणून मला इतकं बघतेस होय?"

"तू काम आहेस माझं. त्याचे पैसे तुझ्या आईकडून मिळणार आहेत."

"आणि काम झाल्यावर?"

ती वळली पडद्याकडे. कानाची पाळी तेवढी लाल झालेली. "काम झाल्यावर... बघू."

डोळा बसत आला, गाल आला. हनुवटीशी आल्यावर निशिगंधाने सहज विचारलं, "काकू, तीळबीळ काही होता का?"

"होता तर," सोनूबाई म्हणाली. "हनुवटीला. ठसठशीत."

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

"तिच्या डाव्या, की समोरून बघताना आपल्या?"

सोनूबाईने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मालू समोर पाटावर बसून नारळ खवणायची. तीळ होता. खवणताना हनुवटी हलायची, तीळ हलायचा. इकडे... का इकडे? तिने स्वतःच्या हनुवटीला बोट लावून बघितलं, एका अंगाला, मग दुसऱ्या. बोटाला काही आठवेना.

"डाव्या सांगितलं ना एकदा," ती तडकली. "आईला विचारतेस होय परत परत?"

परतताना टेंपोत अर्ध्या वाटेत तिचं बोट परत हनुवटीवर गेलं. मग तिने विचारलं, "विन्या, मालूचा तीळ कुठल्या अंगाला होता रे?"

विनीतने गाडी हळू केली. "तीळ होता?" तो म्हणाला.

सोनूबाईने पदर तोंडाला लावला. लेकीला सरणावर ठेवलं तेव्हा ती रडली नव्हती. माणसं होती, कामं होती, माणसांसमोर रडणं तिच्या रक्तात नव्हतं. आता नुसत्या टेंपोत, आंब्याच्या रिकाम्या पेट्या मागे खडखडत असताना तिला कळलं की पोर अजून जातेच आहे. रोज थोडी थोडी. आणि आई असून तिला धरून ठेवता येत नाही.

विनीतला तीच वेळ मिळाली. "आई," तो म्हणाला, "मला निशिगंधा आवडते."

"बहिणीचं वर्ष झालं नाय अजून."

"वर्ष झाल्यावर?"

पाली आल्यावर ती दार आपटून उतरली.

पुढच्या खेपेला निशिगंधाने ते विचारलं नसतं तर बरं झालं असतं. तिच्या टेबलावर मसाल्यातलं दगडफूल होतं, तिच्या आईने मसाला भाजायला काढलेलं. ते तिने स्कॅन केलं होतं आणि शेजारी मालूची निगेटिव्ह लावून ठेवली होती, बुरशीसकट.

"काकू, हे बघा. दोन्ही किती सारखं वाढलंय. बुरशीने खाल्लं म्हणतो आपण... पण ती कशी वाढलीय बघा, फांदी फांदी. मला वाटतं... मी माझ्यासाठी याचं एक चित्र करू? तुमचा फोटो मी नीट करून देणारच आहे. हे वेगळं. माझं."

"माझी मेलेली पोर तुझं चित्र?" सोनूबाई उभी राहिली. "पान झालं, दगड झाला, आता माझी पोर आणलीस होय काचेवर घालायला?"

"आई—" विनीत मध्ये पडला.

"तू गप. हिला काय, आज मालू, उद्या कुणाचं आणखी कोण. हिचं काय मेलंय? हिचे सगळे जिवंत हायत."

निशिगंधाचा चेहरा पांढरा पडला. "चुकलं, काकू," एवढंच ती म्हणाली आणि निगेटिव्ह पाकिटात घातली. सोनूबाई जिना उतरली. वर ती दोघं काय बोलली ते तिला ऐकू आलं नाही, आणि विनीत खाली आला तो सरळ टेंपोत बसून गाडी चालू करायला लागला.

फोटो न्यायचा दिवस आला. विनीत गाडीत बसून राहणार होता. "तू जा," तो म्हणाला. "मी आलो की ती उगीच अवघडेल."

"चल वर," सोनूबाई म्हणाली. "पैसे मी देते, पण फ्रेम उचलायला माणूस लागतो."

फ्रेम तयार होती. श्यामने ती काउंटरवर उभी केली आणि दोन पावलं मागे सरला. मोरपंखी साडी, निळं आभाळ, हनुवटीच्या डाव्या अंगाला तीळ. पुरा चेहरा. कुठे जोड नाही, कुठे डाग नाही.

"मालूच," विनीतच्या तोंडून आलं. "आई, मालूच आहे."

श्याम म्हणाला, "आमच्याकडे असं काम आजवर झालं नाही, काकू."

सोनूबाई बघत राहिली. मालू तिच्याकडे बघत होती. उजवा डोळा मालूचाच होता, जरा घाबरलेला, फोटोवाला ओरडेल म्हणून उघडा धरलेला. आणि डावा... डावा हसत होता. भुवई किंचित वर, पापणीच्या कडेला ओल, समोर कुणीतरी हवंहवंसं उभं असल्यासारखा. सोनूबाईला ती नजर माहीत होती. आयुष्यात एकदाच तिच्यावर पडली होती ती, लग्नानंतर पहिल्या वर्षी, तिच्या नवऱ्याची.

"हा डोळा कुठल्या दिवशीचा?" तिने विचारलं.

निशिगंधाने मान खाली घातली. "विनीत शेवटचा बसला त्या दिवशीचा. उजेड चांगला होता."

"तेव्हा हा कुणाकडे बघत होता?"

श्यामला एकदम खाली काम आठवलं आणि तो जिन्याने उतरून गेला.

"सांग की. कॅमेऱ्याकडे?"

"नाही," विनीत म्हणाला. "तिच्याकडे."

सोनूबाई स्टुलावर बसली. तिच्या लेकीकडे कुणी असं बघितलं नव्हतं. तिनेही कुणाकडे असं बघितलं नव्हतं. वेळच आली नव्हती. आणि आता भिंतीवर बसून जन्मभर बघत राहणार, तेही उसन्या डोळ्याने.

"खरा दाखव," ती म्हणाली. "बुरशीवाला. जसा निघाला तसा."

निशिगंधा कम्प्युटरजवळ गेली, पण तिचा हात थांबला. "काकू, मी... तुम्ही नको म्हणाला होतात. तरी मी केलं. घरी गेले, झोप येईना, परत परत तेच दिसायचं. कुणाला दाखवलं नाही. विनीतलाही नाही. तुम्ही म्हणाल तर तुमच्यासमोर पुसून टाकते."

"आधी दाखव. मग पुसायचं ते बघू."

पडदा उजळला. आभाळ नव्हतं. मालू होती, अर्धी. उजवा डोळा, नाक, कपाळावरची कुरळी बट. दुसऱ्या बाजूला चेहरा नव्हता. तिथून बुरशी फांद्या फांद्यांनी वाढत गेली होती, जांभ्याच्या रंगाची, दगडफुलासारखी, गालावरून खांद्यावर, खांद्यावरून कागदाच्या कडेपर्यंत, आणि कडेला पोचून थांबली नव्हती. जे गेलं ते गेलं म्हणून ठेवलं होतं. हनुवटी नव्हती. तीळ डावीकडे की उजवीकडे, कुणी विचारतच नव्हतं.

विनीतने आईच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि समोर दोन माणसं होती, तरी तिने पदर लावला नाही.

मग तिने नाक ओढलं आणि काउंटरवरच्या फ्रेमकडे बोट केलं.

"ऐक गो निशिगंधा. हे मी भिंतीवर लावणार नाय. लावलं की हार घालावा लागतो, आणि जिवंत माणसाच्या डोळ्याला हार घालत नाहीत. एवढं शिकून तुला हे कसं कळलं नाय? तुझी आई काय करत होती? तो डोळा काढून घे तिच्यातून. तुझ्याकडे बघत होता, तर तू ठेव."

निशिगंधाने काहीतरी बोलायला ओठ उघडले.

"माझं झालं नाय अजून. ती दुसरी, अर्धी, तीच फ्रेम करून दे. तीच माझी मालू. मी नको म्हटलं तरी केलंस, त्याचा राग हाय मला, तो राहील, लगेच जायचा नाय. गावात लोक विचारतील, हे काय भलतंच लावलंय, तर त्यांना मी बघून घेईन." ती स्टुलावरून उठली, गुडघ्यावर हात दाबून सरळ झाली, आणि त्या पोरीच्या डोळ्यांत, एक मोठा एक लहान, नीट बघून म्हणाली, "आणि वर्षश्राद्ध झालं की तुझ्या आईला घेऊन पालीला ये. माझ्या घरात एक पोर अर्धी राहिलीय. तू येशील तर पुरी ये, तुझ्या त्या मशिनीसकट."